डोंबिवली ते मनाली, सायकल लगेजमध्ये

मनाली-लेह सायकलवर करायचं ठरलं की ग्रुपवर पहिले दोन महिने नुसता गिअरचा विषय चालतो. मागची कॅसेट (गिअरच्या चक्रांचा संच) किती दातांची, टायर किती रुंद, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, तंबू न्यायचा की ढाब्यांवर झोपायचं. वाटेतली 'टांगलांग ला' ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे हे झोपेत विचारलं तरी सांगतील लोक. आणि मुळात सायकली मनालीपर्यंत जाणार कशा हा विषय निघतो निघायच्या पंधरा दिवस आधी, तोही कुणीतरी "अरे पण..." असं लिहिल्यावर. मग एकदम शंभर मेसेज, शंभर मतं, आणि ज्याने आयुष्यात एकदाही सायकल कुठे पाठवलेली नाही त्याचं मत सगळ्यात ठाम.

आमच्या ग्रुपचं एक बरं झालं की एकमत झालंच नाही. पुण्याच्या मंडळींनी टेम्पो केला, दोघं जण विमानाने चंडीगडला गेले, आणि आम्ही डोंबिवलीचे चौघे रेल्वेने. त्यामुळे मनालीत गेस्ट हाऊसच्या अंगणात तिन्ही मार्गांनी आलेल्या सायकली एकाच वेळी उलट्या करून ठेवलेल्या होत्या आणि कुणाचं काय झालंय ते शेजारी शेजारी बघता आलं. त्यावरून माझं एक मत झालंय, ते आधीच सांगून टाकतो. सायकल कशी पॅक करायची हे सायकलवर ठरवायचं नसतं, ती वाटेत कोण उचलणार आहे त्यावर ठरवायचं. यूट्यूबवर सायकल पॅकिंगचे जे व्हिडिओ आहेत ते बहुतेक विमानाचे आहेत, आणि आपल्याकडे लोक तेच बघून तसलंच खोकं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात घेऊन जातात. तिथे खोकं म्हणजे फक्त खोकं. त्याच्या आत लाखाची कार्बन फ्रेम आहे की प्लास्टिकच्या बादल्या आहेत हे हमालाला दिसत नाही, त्याच्यावर दुसरी चार खोकी येणार आणि त्यात त्याची काही चूक नाही. उलट सायकल सायकलसारखी दिसत असेल तर तो ती हँडल धरून ढकलत नेतो, कारण सायकल ढकलायची असते हे प्रत्येकाला माहिती आहे. बहुतेक हमालांनी स्वतः चालवलेली असते.

तर रेल्वेचं सविस्तर, कारण जास्त प्रश्न त्याचेच येतात.

पहिली गोष्ट गाडी निवडण्याची. आपण आपल्या तिकिटासाठी गाडी निवडतो तेव्हा वेळ बघतो, कन्फर्म मिळतंय का बघतो. सायकल सोबत असेल तर बघायचं एकच, गाडी सुटते कुठून आणि संपते कुठे. जिथून गाडी सुटते तिथे रेक (रिकामी गाडी) आधी लागतो, ब्रेक व्हॅनचं, म्हणजे सामानाच्या डब्याचं, दार उघडतात, निवांत माल चढतो. मधल्या स्टेशनवर पाच-दहा मिनिटांचा हॉल्ट, त्यात आधीचा माल उतरवायचा, नवीन चढवायचा, आणि तुमची सायकल जर आत सगळ्यात मागे दबली असेल तर गाडी सुटेपर्यंत ती बाहेर येईलच याची गॅरंटी कुणी देत नाही. पुण्याच्या लोकांच्या मनात झेलम होती. झेलम पुण्यातूनच सुटते, त्यामुळे चढवायला मस्त, पण मनालीसाठी उतरायचं अंबाल्याला, तेही रात्री उशिरा, आणि गाडी पुढे जाणार जम्मूला. म्हणजे आपण अंबाल्याच्या प्लॅटफॉर्मवर आणि सायकल जम्मूतवीला, असं होऊ शकतं. मग ती उलटी मागवा, तोवर तुमचे सुट्टीचे दिवस संपतायत. म्हणून त्यांनी शेवटी टेम्पोच केला. आम्हाला मुंबईतून बांद्रा टर्मिनस-चंडीगड सुपरफास्ट आहे, ती बांद्र्याला सुरू होते आणि चंडीगडला संपते, यापेक्षा सरळ काही नाही. रोज नसते, म्हणून सुट्टीच गाडीच्या वारावरून ठरवली. तळकोकणातल्या किंवा गोव्याच्या कुणाला जायचं असेल तर मडगावहून चंडीगडला जाणारी गोवा संपर्क क्रांती आहे, तिचंही तेच, शेवटचं स्टेशन चंडीगड.

दुसरी गोष्ट, लगेज आणि पार्सल यातला फरक. दोन्ही त्याच ऑफिसात होतं, खिडकीही बऱ्याचदा तीच, पण फरक मोठा आहे. पार्सल म्हणून बुक केलं तर तुमचं तिकीट लागत नाही, सायकल एकटी जाते, जागा मिळेल त्या गाडीने. आज, उद्या, परवा. लगेज म्हणून बुक केलं की ते तुमच्या तिकिटाला जोडलेलं असतं आणि तुमच्याच गाडीच्या ब्रेक व्हॅनमधून येतं. खिडकीवर जाऊन नुसतं "सायकल पाठवायची आहे" म्हटलं की समोरचा माणूस पार्सलचाच फॉर्म देतो, कारण शंभरातले नव्वद लोक त्यासाठीच आलेले असतात. "तिकीट आहे, सोबत न्यायची आहे, लगेजमध्ये करा" असं स्पष्ट म्हणायचं. कन्फर्म तिकिटाची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, दोन-दोन प्रती. झेरॉक्सचं दुकान शोधत फिरायला लागू नये म्हणून घरूनच.

आणि कुणीतरी दरवेळी विचारतंच म्हणून सांगतो, स्लीपरला ४० किलो, सेकंड एसीला ५० किलो सामान फुकट असतं ना, मग सायकलचे पैसे का? तर ती सूट सायकल, स्कूटर वगैरेंना लागू नाही. सायकल सुटी करून पिशवीत भरून बर्थखाली ढकलणारे महाभाग आहेत, मीही पाहिलेत, पण डब्यात न्यायच्या सामानाला मापाची मर्यादा आहे, १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर, आणि थर्ड एसीला त्याहून कमी. मोठ्या चाकाची सायकल कशीही दुमडली तरी त्यात बसत नाही. टीसीने बघितलं नाही तर नशीब, बघितलं तर दंड. आणि डब्यातल्या बाकीच्या लोकांच्या पायात दीड दिवस तुमचं चेनरिंग, ते वेगळंच. फोल्डिंग सायकलवाल्यांचं मात्र बऱ्याचदा जमतं.

आम्ही सायकली बांद्रा टर्मिनसला सायकलवरूनच नेल्या. पहाटे निघालो, शिळफाटा, महापे, ऐरोली पुलावरून मुलुंड आणि मग सरळ एलबीएस मार्गाने कुर्ला, तिथून बीकेसी. चाळीसेक किलोमीटर. टेम्पोचे पैसे वाचले हे एक, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आदल्याच आठवड्यात सर्व्हिस केलेल्या सायकलींचं जे काही कुरकुरायचं होतं ते इथेच कुरकुरलं. आमच्या मास्तरांचा (रिटायर्ड आहेत, आमच्यात सगळ्यात फिट) बॉटम ब्रॅकेट (पेडलं ज्यावर फिरतात तो सांधा) ऐरोलीच्या पुलावर बोलायला लागला आणि भांडुपला एका दुकानात तो घट्ट करून घेतला. हेच मनालीत कळलं असतं तर?

पार्सल ऑफिसात गाडीच्या चार तास आधी पोचलो होतो. जास्त वाटतं, पण जास्त नाही. आधी फॉरवर्डिंग नोट नावाचा फॉर्म, त्यात पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव (दोन्हीकडे आपणच), कुठून कुठे, वस्तू काय, किंमत किती. किंमतीच्या रकान्यावर सगळे थबकतात. खरी किंमत लिहायची तर त्यावर थोडी टक्केवारी जादा भरावी लागते, आणि नाही भरली तर हरवल्यास मिळणारी भरपाई किलोमागे ठरलेल्या अगदी फुटकळ रकमेवर अडकते. सायकलीचं वजन ते किती, तेरा-चौदा किलो. सायकलीला वजनावर मोजलं की ती भंगारच होते. आमच्यातल्या एकाची टायटॅनियमची होती, त्याने टक्केवारी भरली, बाकीच्यांनी सोडून दिलं. ज्याचं त्याने बघावं.

मग पॅकिंग. ऑफिसच्या बाहेर पॅकिंगवाले बसलेले असतात, गोणपाट, पुठ्ठे, दाभण आणि सुतळी घेऊन. पार्सलच्या साहेबाला पॅक केलेली सायकल लागते, उघडी घेत नाहीत बऱ्याचदा. आणि पॅकिंगवाल्याला तुम्ही सांगितलं नाही तर तो त्याच्या सवयीने सायकल गोणपाटात अशी शिवून टाकतो की चाकंही फिरत नाहीत, मग ती उचलूनच न्यावी लागते आणि उचललेली वस्तू टाकली जाते. म्हणून आम्ही त्याच्याशेजारी बसून सांगत होतो, काका, चाकं मोकळी ठेवा, हँडलची ग्रिप मोकळी ठेवा, बाकी काय शिवायचं ते शिवा. फ्रेमच्या नळ्यांना आम्ही घरूनच एसीच्या पाइपाला लावतात तो काळा फोम लावून आणला होता, मीटरवर मिळतो, मधून चिरलेलाच असतो, वर नुसती टेप मारायची. फॉर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला), मागच्या त्रिकोणाला, क्रँकला (पेडलच्या दांड्याला), सगळीकडे. पेडलं काढलेली, कारण पेडल हे बाजूच्या सायकलीच्या स्पोकमध्ये घुसणारं पहिलं हत्यार. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, ते विसरून जोर लावणारे दर ट्रिपला असतात, पेडल दोन्ही बाजूंना सायकलीच्या मागच्या दिशेने फिरवलं की सुटतं एवढं लक्षात ठेवा. चाकं लावलेलीच, हँडल सरळच, हवा पूर्ण. कुलूप लावायचं नाही! चाकाला कुलूप असलं की ती ढकलता येत नाही आणि आपला सगळा बेतच फसतो. लाइट, मीटर, बाटल्या, पंप, सीटखालची पिशवी हे सगळं काढून आपल्याजवळ.

नाजूक एकच भाग, मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा. तो उजव्या बाजूला बाहेर लटकत असतो आणि ज्या हँगरवर तो बसवलेला असतो तो मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, फ्रेमऐवजी तो वाकावा किंवा तुटावा म्हणून. सायकल उजवीकडे पडली की वाकलाच. त्यासाठी चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर टाकून ठेवायची म्हणजे डिरेलर आत सरकतो. वर एका कापलेल्या प्लास्टिकच्या डब्याचं कवच करून झिपटायने बांधायचं. शिवाय प्रत्येकाने आपल्या फ्रेमचा एक जादा हँगर बरोबर घ्यायचा, पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या पिशवीत) नाही, खिशात म्हणा हवं तर. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, शेजाऱ्याचा चालत नाही, आणि मनालीत काय किंवा लेहमध्ये काय, तुमच्या मॉडेलचा मिळेल या भरवशावर राहू नका.

पावती झाली की तिच्यावरचा नंबर, बीडीटीएस ते सीडीजी (दोन्ही स्टेशनांचे कोड), तुमचं नाव आणि मोबाइल नंबर हे सगळं मार्करने सायकलीवर दोन ठिकाणी. एक गोणपाटावर आणि एक पुठ्ठ्याचा टॅग फ्रेमला सुतळीने, कारण गोणपाट फाटतं. मग ती ट्रॉलीवरून प्लॅटफॉर्मला जाते, आणि इथे बरेच लोक पावती खिशात घालून वडापाव खायला जातात. नाही. पावती म्हणजे बुकिंग झालं, चढवलं असं नाही. ब्रेक व्हॅन, म्हणजे तो एसएलआरचा डबा, गाडीच्या पुढे आणि मागे दोन्हीकडे असतो, आणि त्यातले बरेच कप्पे खाजगी कंत्राटदारांना लीजवर दिलेले असतात, त्यात रेल्वेचं लगेज जात नाही. म्हणजे तुमची सायकल कुठल्या टोकाला जाणार हे आधी विचारून घ्यायचं. बावीस-चोवीस डब्यांची गाडी, चुकीच्या टोकाला उभं राहिलात तर पळत जायला अर्धा किलोमीटर. आम्ही दोन-दोन जण दोन्ही टोकांना उभे राहिलो.

चढवताना हमालांशी नीट बोलायचं. दादागिरीही नाही आणि गयावयाही नाही. "काका, लांब चाललोय, लडाखला, या सायकलीवरच जायचंय" म्हटल्यावर त्यातल्या एका वयस्कर काकांनी ज्या नजरेने आमच्याकडे पाहिलं त्यात कौतुक जास्त होतं की कीव ते कळलं नाही, पण सायकली त्यांनी भिंतीला लावून, एकमेकींच्या विरुद्ध तोंडं करून उभ्या केल्या आणि सुतळीने बांधल्याही. चहापाण्याचे पैसे दिले ते आधी नाही, सायकली उभ्या राहिल्यावर. मग दाराचा फोटो, डब्याच्या नंबरचा फोटो, आणि मगच आपल्या सीटवर. सायकलीमागे लगेजचे हजाराच्या आतबाहेर गेले, पॅकिंग आणि चहापाणी वेगळं.

वाटेत मोठ्या स्टेशनांवर उतरून ब्रेक व्हॅनपर्यंत चक्कर मारायची का? आमच्यातला डॉक्टर रतलामपासून प्रत्येक स्टॉपला धावत होता. मला ते जरा जास्त वाटलं, पण त्यामुळे त्याला झोप लागत होती असं त्याचं म्हणणं, तर असो.

चंडीगडला गाडी संपते त्यामुळे उतरवून घेताना घाई नव्हती, पण तिथेही सायकल थेट हातात देत नाहीत, ती पार्सल ऑफिसला जाते, नोंद होते, पावती दाखवून सही करून घ्यायची. लगेच घेऊन टाकायची, ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवली की व्हार्फेज, म्हणजे ठेवण्याचं भाडं, लागतं. तिन्ही सायकली ठणठणीत. चौथी, म्हणजे माझी, ठणठणीत पण चिंब. शेजारी कुणाचे तरी थर्माकोलचे खोके होते, बर्फ वितळून पाणी झालेलं आणि त्या पाण्याला जो वास होता तो कोकणी माणसाला सांगायची गरज नाही. चंडीगड स्टेशनबाहेर पाण्याच्या दोन बाटल्या चेनवर ओतल्या, पुसली, तेल घातलं. वास मात्र पार लेहच्या वाटेवरच्या सरचूपर्यंत आला असा बाकीच्यांचा आरोप आहे.

तिथून मनाली तीनशे किलोमीटरच्या आसपास. हिमाचलच्या बसेस सेक्टर ४३ च्या बसस्टँडवरून सुटतात आणि टपावर किंवा डिकीत सायकल घेतात, पण ते कंडक्टरच्या मर्जीवर, आणि चार सायकली म्हटल्यावर मर्जी जरा कमी होते. आपल्याकडे पूर्वी एसटीच्या टपावर आंब्याच्या पेट्यांबरोबर सायकल सर्रास जायची, मागच्या शिडीने चढवायची, तसा तो प्रकार. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलर केली, वर कॅरिअर असलेली. इथे पुन्हा तोच नियम, उचलणार कोण? तर आम्हीच. त्यामुळे गोणपाट काढून टाकलं, फोम तसाच ठेवला, सायकली कॅरिअरवर आडव्या, एकीवर एक, मध्ये पुठ्ठे आणि चादरी, आणि चेनची बाजू कायम वर. बांधायला दोरी नव्हे, जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात. दोरी सैल होते, ट्यूब ताणून बांधली की धक्क्याबरोबर ताणते आणि पुन्हा आवळते, आणि रंगही खरवडत नाही. आमचा ड्रायव्हर सरदारजी होता, आधी म्हणाला मी बांधतो, नायलॉनची दोरी काढली, मग आमच्या ट्यूबा बघून म्हणाला "पाजी, ये मुझे दे के जाना." दिल्या.

किरतपूरनंतर नवा चौपदरी रस्ता झालाय, बोगदेच बोगदे, पूर्वीचा स्वारघाटचा वळणावळणाचा त्रास बराच कमी झाला. पुढे मंडी, पंडोह, औटचा बोगदा, कुल्लू. मंडीच्या अलीकडे पाऊस लागला. सीटवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या म्हणून ठीक, लेदरची सीट असलेल्यांनी तर सीट काढून गाडीत मांडीवर घेतली होती. जुलै-ऑगस्टमध्ये जाणार असाल तर हिमाचलात दरड कोसळून रस्ता बंद होणं हे धरूनच चाला, सायकली आणि माणसं मनालीला पोचण्यात आणि पहिलं पेडल मारण्यात एक मोकळा दिवस हवाच. तसाही तो सायकली जोडायला लागतो.

आता पुण्याच्या टेम्पोचं. बाहेरून बघता हा सगळ्यात सोपा मार्ग, सायकली स्वतःच्या हाताने भरा, स्वतःच्या हाताने उतरवा, मध्ये कुणी हात लावत नाही. दोन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर, गाडी नॅशनल परमिटची हवी, आणि प्रत्येक सायकलीचा फ्रेम नंबर, मालकाचं नाव आणि बिलाची कॉपी अशी यादी ड्रायव्हरजवळ दिली होती, कारण एकाच टेम्पोत डझनभर महागड्या सायकली बघितल्या की वाटेत कुणीही विचारणार, माल कुणाचा, विकायला चालला का. खर्च मात्र तेव्हाच परवडतो जेव्हा तोच टेम्पो पुढे लेहपर्यंत सपोर्टला राहणार असतो. नुसता सोडायला टेम्पो करणं म्हणजे रिकाम्या परतीचे पैसे पण आपल्याच डोक्यावर.

मजा अशी की सगळ्यात जास्त किरकोळ नुकसान टेम्पोतल्या सायकलींचं झालं. आपटल्या नाहीत, पडल्या नाहीत, नुसत्या घासल्या. भरताना कुठेही गॅप नाही, फोम आहे, रजया आहेत, सगळं दाबून बसवलेलं. पण तीन दिवस सतत हलताना एका सायकलीची ब्रेकची केबल दुसरीच्या वरच्या नळीवर घासत राहिली आणि रंग जाऊन खाली चकचकीत ॲल्युमिनियम. एकीचा मडगार्डचा स्टे दुसरीच्या टायरवर. धक्क्याने काही होत नाही, थरथरण्याने होतं, आणि रजई थरथरण्याने खाली सरकते. त्यांचा ड्रायव्हर शहाणा होता, त्याने रोज रात्री सगळं पुन्हा आवळलं, नाहीतर आणखी झालं असतं. यावर उपाय त्यांच्यातल्याच एका इंजिनिअरने नंतर सांगितला, पुढची चाकं काढून फॉर्क फळीला बोल्ट करायचा, म्हणजे प्रत्येक सायकल फळीला धरलेली राहते, एकमेकींवर रेलत नाही. फॉर्कच्या टोकांत घालायला जुन्या हबचे एक्सल वापरायचे. पटण्यासारखं आहे.

विमानवाल्यांनी खोकी वापरली आणि तिथे तेच बरोबर. सायकलच्या दुकानात नवीन सायकली ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून येतात तेच, आधी सांगून ठेवलं तर देतात. पुढचं चाक काढून बाजूला बांधायचं, हँडल काढून वरच्या नळीला समांतर, पेडलं काढून, सीटची नळी आत (आधी टेप लावून उंचीची खूण करायची), डिरेलर हँगरवरून सोडवून चेनसकट मागच्या त्रिकोणात बांधायचा. फॉर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा ठोकळा घालायचा, नवीन सायकलीबरोबर येतो तो, नाहीतर वरून वजन आलं की टोकं आत दबतात. टायरमधली हवा कमी करा असं एअरलाइन सांगते, करून टाकायची, वाद घालत बसायचं नाही. पण पूर्ण नाही काढायची, रिमला आधार राहतो तेवढी ठेवायची. ट्यूबलेस असेल तर हे विशेष, कारण हवा पूर्ण गेली की टायर रिमवरून सुटतो आणि सीलंट खोकंभर.

वजन बघा. सायकल तेरा-चौदा, खोकं आणि फोम तीन-चार, म्हणजे देशातल्या विमानात जे १५ किलो मिळतं ते सायकलीतच संपलं आणि वर जादा. पॅनिअर, तंबू, स्लीपिंग बॅग याचे वेगळे पैसे. जादा किलो आधी ऑनलाइन घेतले तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतात. पाने, ॲलन की, मल्टिटूल हे खोक्यात, केबिनमध्ये नेलं तर सिक्युरिटीला ठेवून यावं लागतं. आणि याच्या बरोब्बर उलट बॅटरीचं, पॉवर बँक आणि सुट्या बॅटरी केबिनमध्येच, खोक्यात नाही. विमानाने गेलेल्या त्या दोघांपैकी एकाचा मागचा लाल लाइट सीटच्या नळीवर तसाच राहिला होता, चार्जिंगचा, स्कॅनरमध्ये दिसला, अनाउन्समेंट करून बोलावलं, खोकं फाडलं, लाइट काढला आणि खोकं बंद करायला तिथे टेप नाही. टेपचा एक रोल हातातल्या बॅगेत ठेवायचाच. टायरमध्ये हवा भरायची सीओटूची काडतुसं नेऊच नका, साधा पंप न्या.

या दोन सायकली दिसायला सगळ्यात नव्या निघाल्या, एक ओरखडा नाही. पण एकीचा पुढचा ब्रेक आवळून बसला. हायड्रॉलिक डिस्क होती, चाक बाहेर काढलेलं, आणि वाटेत कशाने तरी लिव्हर दाबला गेला, मध्ये डिस्क नाही म्हटल्यावर दोन्ही पॅड एकमेकांना चिकटून बसले आणि चाक आत जाईना. पॅड काढून, रुंद टायर लिव्हरने पिस्टन हळूहळू मागे ढकलले, अर्धा तास गेला. चाक काढलं की कॅलिपरमध्ये, म्हणजे दोन पॅडच्या मध्ये, पुठ्ठ्याची घडी घालून ठेवायची, एवढंच असतं खरं तर.

विमानाने थेट लेहला का नाही गेलात असं काही जण विचारतात. सायकलीच्या दृष्टीने ते सोपंच आहे, खोकं थेट तिथे. पण लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, मुंबईतून उठून तिथे उतरलं की दोन-तीन दिवस नुसतं पडून राहायचं, पायऱ्या चढताना धाप लागते. मनाली दोन हजारवर, तिथून एकेक मुक्काम वर चढत गेलं की शरीर आपोआप शिकतं.

परतीचं लोक ठरवतच नाहीत. जाताना एवढी काळजी घेतलेली सायकल येताना कुणाच्याही हातात द्यायला तयार असतात, कारण लेहच्या पुढची 'खारदुंग ला' ही खिंडही झालेली असते आणि विमान उद्या सकाळी असतं. लेहमध्ये खोकी मिळणं कठीण, सायकल भाड्याने देणाऱ्यांकडे असली तर असली. दुसरा मार्ग ट्रकचा. लेहला माल घेऊन वर आलेले ट्रक परत जाताना बरेचसे रिकामे जातात, त्यामुळे भाडं हलकं असतं, मनाली, चंडीगड, दिल्ली कुठेही. बिल्टी (मालाची पावती) घ्यायची, ड्रायव्हरचा नंबर घ्यायचा, ट्रकच्या नंबरप्लेटचा फोटो काढायचा. आमच्या चार सायकली तशाच आल्या, चंडीगडला, आणि तिथून पार्सलने बांद्र्याला. यावेळी लगेज नाही, पार्सलच, कारण आम्ही विमानाने घरी आणि परतीला घाई कुणाला होती. बरेच दिवस लागले, फोम जसाच्या तसा होता, एकीची बेल कुणीतरी काढून घेतली.